समद्या फायली भाऊ

...आन् म्हणे स्टार टाका! तुमाला सांगतो, आमच्या दिंद्रुडात सिद्धारामचं बॅनर छापायचं दुकान हाय. सकाळीच सुंदररावभाऊंचा कार्यकर्ता पप्पू येऊन त्याच्या छातीवर बसला. "मागल्या वाढदिवसाचंच बॅनर दे बे, दुपारी चौकात लागलं पायजे, न्हाईतर भाऊ माझं डोस्कं खातील आन् मी तुझं!" द्यायला काय, पण सापडायला नको? ह्या बहाद्दरानं कंप्युटरात फायलींला नावं काय दिलीत? भाऊ! भाऊ नवीन, भाऊ फायनल, भाऊ पुन्हा फायनल... आवो, भाऊ न्हाई असा एक गडी दाखवा मला गावात!

लावला फोन भाच्याला, पुण्याला. प्रविण एकदम थंड. "मामा, शोधायच्या चौकटीत भाऊच्या अलीकडं स्टार, म्हंजे ती चांदणी, पलीकडंबी स्टार. नावात कुठंबी भाऊ असलेलं समदं येतं. स्टार टाका, मामा, सापडतंय!"

टाकला. आन् आलं की वो समदं! लग्नातले भाऊ, निवडणुकीतले भाऊ, भाऊबीजेच्या शुभेच्छा, एका भाऊसाहेबाचं दहावं बी! सिद्धारामला दरदरून घाम.

"मग म्होरं डॉट सीडीआर लावा की. निस्त्या डिझाइनच्या फायली ऱ्हातेत, फोटो गळतेत."

गळले फोटो. भाऊ ऱ्हायले!

"आता स्टार काढा, भाऊच्या म्होरं एक प्रश्नचिन्ह टाका. एका चिन्हाच्या जागी एकच अक्षर न्हाईतर आकडा, तेवढ्याच फायली येतेत."

आरं, माणसाला प्रश्न कमी हायेत व्हय? टाकलं बिचाऱ्यानं. भाऊ१, भाऊ२, भाऊ३... ह्यो उघडावा तर गॉगल, त्यो उघडावा तर गॉगल, पांढरे कपडे, कानाला फोन! आतून बायको नीलाबाई वरडायली, "आवो, भाकर गार झाली!", पप्पू मानगुटीवर, आन् फोनमधी आपलं तेच, "स्टार टाका, मामा, सापडतंय!"

शेवटी पप्पूच किंचाळला, "हेच! छाप!"

"नीट बघ, पप्पू."

"आपल्या भाऊला मी वळखत न्हाई का बे?"

छापलं, चौकात चढलं. मग सिद्धारामनं मान वर केली... वर लिव्हलंय निस्तं 'आमचे लाडके भाऊ', आन् तोंड कुणाचं? सोमेश्वरभाऊंचं! ज्यांचं नाव काढलं तरी सुंदररावभाऊ ताटावरून उठतेत, त्यांचं! दुकान फुटलंच म्हणा आता! तेवढ्यात गाडी आली. सुंदररावभाऊ उतरले, गॉगल कपाळावर सारला, लई येळ बघितलं.

"सिद्धाराम, ह्यो फोटो कुठला रे?"

"चुकलं, भाऊ..."

"चुकलं काय? इतका तरणा मी कवाच दिसलो न्हाई! पुढल्या सालीबी हाच लाव."

सिद्धाराम काय म्हणणार? "बरं, भाऊ."