ओट्याची भर

— तो नको! परशरामअण्णा, घमेलं खाली ठेवा. ठेवा म्हणते न्हवं! ओट्यात भर घालायला दुसरा दगड न्हाय व्हय निपाणीत? आप्पांनी सांगितलं? ते सांगतीलच की. "कमलीच्या खोलीतली पोती काढा आन् घाला भरीला" — असंच म्हणाले ना? बघा, आप्पांचा आवाज मला काढता येतो. सोपा हाय, मधी कुणाला बोलू द्यायचं न्हाय, झालं.

बसा, पान खावा. हा घ्या हातात — चावत न्हाय. बाहेरनं काळं ढेकूळ, आत बघा. खडीसाखर न्हवं, स्फटिक हाय तो. आमच्या मळ्यातल्या विहिरीला सुरुंग लावला, तवाचा. काळ्या खडकात पोकळी राहती, तिच्यात पाणी झिरपत झिरपत — जाऊ दे. मी खाली उतरून शोधतेय आन् आप्पा वरनं ओरडतात, "कमले, वर ये, लोक हसत्यात!" लोक कुठं हसत होते? तेच तर दोर धरून मला खाली सोडत होते.

हा भुरकट? हा आमच्या धोंडूआत्याचा पराक्रम. पाहुणे येणार म्हणून समया घासाव्यात तसे माझे दगड चिंचेनं घासले. त्यात हा कॅल्साइट — आंबटात विरघळतो, अण्णा — हा रात्रभर कोळात बुडवला. काचेसारख्या बाजू होत्या, सकाळी बघते तर चघळून थुंकल्यागत. आन् वर मलाच म्हणती, "बघ कसा मळ निघाला!"

कुठले पाहुणे म्हणजे? चिकोडीचे. मुलगा रायगोंडा, तो गप्प, बोलायला बाप. दगड बघून विचारतो, "हिरा हाय काय?" न्हाय म्हटलं. "मग कशाला?" मी म्हटलं, तुमचा मुलगा तरी हिरा हाय काय? आत्याच्या हातातनं कपबशी पडली. पाहुणे उठले, विषय मिटला.

हसू नका. सोमवारी मला धारवाडला जायचंय, एम.एस्सी.च्या मुलाखतीला. काय गोळा केलंय ते घेऊन या, असं कळवलंय त्यांनी. घरात कुणाला ठाऊक न्हाय, आईला बी न्हाय. तुम्हाला का सांगितलं देव जाणे.

पण अण्णा, न्हाणीपासनं पार अंगणापर्यंत एवढा लांब ओटा कशाला? — कशाचा? मांडवाचा? कुणाचा मांडव? घरात लग्नाचं दुसरं हायच कोण?

बोला की! पायाकडं काय बघताय? चिकोडीचे परत आलते? कवा? मी परीक्षेला बेळगावात गेलते तवा? सुपारी फुटली? गवंड्याला ठाऊक, नवरीला न्हाय! काय म्हणाले ते — पोरीचं तोंड खपवून घेतो, तेवढे दगड नकोत? व्वा. लई मोठं मन.

म्हणून भर. आज, मी देवळात गेलते तवा.

सरा जरा, पोती बघू द्या.

तिन्ही मला उचलवणार न्हाईत. हे एक द्या, धारवाडला एवढं पुरे. न्हाय, नुसतं पाठीवर चढवा, पुढं मी बघते. बाकीचं घाला — व्हय, घाला म्हणते. ओटा पक्का करा; चिकोडीकरांपुढं आप्पांना एकट्यालाच उभं राहायचं हाय. मी कुठं गेले विचारलं तर तुम्हाला ठाऊक न्हाय.

आता माझ्याकडं काय बघताय? कालवलेला माल वाळतोय तुमचा.