छापा पडला म्हणजे नेमकं काय पडलं?

वामन गोठणकर टॉस जिंकला आणि जागा हरला!

— हे मी बोललो नाही. मंडळी, तुम्हीही ऐकलेलं नाही. पेटीवाल्यांनी ऐकलं असेल तर त्यांनी भाता जरा जोरात हलवावा, म्हणजे माझं बोलणं त्यात बुडून जाईल. बुडालं? छान. काहीही घडलेलं नाही. वामन गोठणकर अजून घरी आंघोळ करतोय. टॉस व्हायचाय. जागा कुणाचीच नाही. आणि आपण सगळे आत्ताच येऊन बसलोय. खांबाला टेकलेले काका तर खरोखरच आत्ता आलेत.

आता प्रश्न ऐका. टॉस न्यायी असतो का?

नाणं वर जातं, खाली येतं. त्याला ना भाऊबंद, ना व्याही. त्याला चहा पाजता येत नाही. मग हरलेला माणूस का ओरडतो, "अन्याय झाला"? आणि जिंकलेला कधी म्हणतो का हो, "माझ्यावर जरा जास्तच न्याय झाला"?

चला! पेटी काळी चारला घ्या. — काळी चार म्हटलं, काळी-पिवळी नाही. ती आख्यानात येतेच आहे.

तर मुंबईत दोन टॅक्सी स्टँड. एक चिंचेखालचा, त्याचा म्होरक्या आपला वामन. दुसरा पाण्याच्या टाकीचा, त्याचा म्होरक्या इस्माईलभाई नाखवा. दोघांचं बरं चाललं होतं. मग मेट्रो आली! तिचा जिना उतरला तो दोन्ही स्टँडच्या बरोबर मध्ये. गिऱ्हाईक जिना उतरायचं, इकडे बघायचं, तिकडे बघायचं, आणि चालत घरी जायचं! चिंचेखाली सगळे धुतलेल्या टॅक्सी पुन्हा धुवायला लागले. वामनची टॅक्सी तर एवढी चमकायची, की कावळे तीत तोंड बघून भांग पाडायचे.

जिन्याखाली टॅक्सी लावायला एक पट्टा होता. एकाच स्टँडला पुरेल एवढा. तो मिळाला तर स्टँड जगणार, नाही तर चिंचेखाली फक्त चिंच उरणार. हवालदार म्हणाला, "आपसात ठरवा, मला मध्ये घेऊ नका." मग ठरलं — क्रिकेट! जो स्टँड मॅच जिंकेल, त्याचा पट्टा.

पण मैदान कसं? दुसऱ्या डावात सूर्य बॉलरच्या बरोबर डोक्यामागे यायचा. बॅट्समनला बॉल दिसायचा नाही, बॉलर दिसायचा नाही, नुसता आवाज यायचा — "आऊट!" म्हणजे टॉस जिंका, पहिली बॅटिंग घ्या, मॅच तुमची. पुढचा सगळा व्यायाम.

इस्माईलभाई शहाणा माणूस. म्हणाला, "वामन, अर्धा डाव तुम्ही, अर्धा आम्ही, असं आलटून पालटून खेळू. ऊन दोघांना सारखं लागेल."

वामनने छाती काढली. "नाही भाई! टॉस म्हणजे टॉस. जे वाट्याला येईल ते घ्यायचं. नको म्हणायचं नाही!"

वा! काय वाक्य आहे! टाळी वाजवावीशी वाटते ना? थांबा. याच वामनचं सकाळचं वाक्य ऐका.

स्टँडचा रिवाज असा, की रांगेत पहिली टॅक्सी जिची, तिचा नंबर. येईल ते भाडं तिनेच घ्यायचं, लांबचं असो की जवळचं. सकाळी नंबर वामनचा. आल्या कुमुदबाई टिपरे. शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेल्या, गळ्यात अजून शिट्टी, पायाला प्लास्टर. "वामन, दवाखान्यात सोड रे. दोनच गल्ल्या. आज प्लास्टर कापायचंय."

वामन म्हणाला, "बाई, दोन गल्ल्यांसाठी टॅक्सी? चालत जा की!"

प्लास्टरकडे बघून म्हणाला हो! आणि काच वर केली. म्होरक्याची काच वर, म्हणून मागच्या सगळ्यांच्याही वर!

दुपारी मैदानावर दोन्ही टीम हजर. नाणं उडवायला निःपक्ष माणूस हवा. शोधून शोधून कुणाला आणलं? कुमुदबाईंना! दोन्ही स्टँडच्या पोरांना त्यांनी सारख्याच छड्या मारलेल्या, त्यांच्याइतकं निःपक्ष दुसरं कोण? वामन जरा चपापला. "बाई, तुम्ही मोकळ्या होता?"

"होते ना. सकाळी टॅक्सी मिळाली नाही."

बाईंनी शिट्टी फुंकली. "नियम एकच! मॅच सुरू व्हायच्या आत जो कॅप्टन मैदान सोडेल, तो हरला." आणि नाणं उडवलं. वामन ओरडला, "छापा!"

नाणं वर... वर... तबलजी, जरा घुमवा... आणि पडलं! वामनचा मेहुणा बबन, गळा असा की हॉर्नची गरज नाही, त्याने वाकून बघितलं आणि आनंदाने बोंब ठोकली, "छापा पडला! छापा पडला हो!"

मंडळी, मैदानाभोवती टॅक्सी कुठे लावल्या होत्या? 'वाहने उभी करू नयेत' या पाटीखाली. बिल्ले कुठे होते? घरी. मीटर कसे होते? ते विचारू नका, देवळात बसलोय. आणि अशा माणसांच्या कानावर काय पडलं? छापा पडला!

पळाले! दोन्ही टीम पळाल्या! कुणी पॅड बांधून क्लच दाबतोय, कुणी स्टंप बगलेत मारून चाललाय. सगळ्यांत पुढे कोण? बबन! स्वतःच ओरडला आणि स्वतःच घाबरून पळाला. आपलंही असंच असतं, पण ते नंतर.

धूळ खाली बसली. मैदानात उरले तिघं. बाई, वामन आणि इस्माईलभाई. रस्त्यावर टॅक्सी दोनच. पुढे वामनची, मागे भाईची.

"टॉस जिंकलास," बाई म्हणाल्या. "काय घेतोस?"

"बॅटिंग," वामन म्हणाला. टीम नाही, पण बॅटिंग!

"घे. टीमची वाट बघत बस. मला आता दवाखान्यात गेलं पाहिजे, बंद होईल. प्लास्टरमध्ये मुंगी शिरलीय रे, कालपासून फिरतेय. नंबर कुणाचा?"

इस्माईलभाई हळूच म्हणाला, "नंबर वामनचा."

"बाई, पण मैदान सोडलं तर..."

"तर तू हरलास. माझ्यासाठी नियम मोडला तर मी आयुष्यभर पी.टी. कसली शिकवली?"

आता बघा पेच! वामनने नको म्हटलं, की नंबर भाईचा. भाई बाईंना नेणार, मैदान सोडणार, हरणार. पट्टा चिंचेचा! वामनला करायचं काय होतं? फक्त काच वर करायची होती. रोजचंच काम!

आणि त्याला आठवलं, आपण आज दोन वाक्यं बोललोय. एकदा नाण्याबद्दल — नको म्हणायचं नाही. एकदा माणसाबद्दल — चालत जा की. त्याने दरवाजावर हात ठेवला. चिंचेखालचे सगळे चेहरे डोळ्यांपुढे आले. भाई जमिनीकडे बघत राहिला.

वामनने दार उघडलं. "बसा बाई. पाय आधी आत घ्या."

मंडळी, तुम्हाला वाटतंय आता चमत्कार होणार. बाईंच्या जागी देव प्रकटणार, पट्टा चिंचेला देणार! नाही प्रकटला. प्लास्टर कापलं, मुंगी निघाली, ती मात्र प्रकटली. पट्टा टाकीवाल्यांना गेला. कायमचा.

बबन कपाळ बडवत म्हणाला, "दादा, टॉस जिंकून कोण हरतं?"

वामन म्हणाला, "नाणं माझ्या हातात नव्हतं. दार होतं."

मग टॉस न्यायी की अन्यायी? अहो, आपण पंख्याखाली बसलोय. दोन वेळचं जेवून, ढेकर देऊन कीर्तनाला आलोय. म्हणजे आपण सगळे टॉस जिंकलेलेच! आणि तो आपण जिंकलो कधी? जन्माच्या वेळी! कुणी विचारलं होतं, छापा की काटा? तरी आपण मिरवतो, जणू नाणं आपणच उडवलं. आणि दाराशी कुणी लंगडत आलं, की काच वर! काका, खांबाला टेकून हसू नका, तुम्हालाच म्हणतोय. मलाही.

तेव्हा सर्वांच्या वतीने अर्ज सादर करतो. सगळे हात जोडा.

प्रति, मा. परमेश्वर, वरचे कार्यालय. विषय : जन्मवेळच्या नाणेफेकीबाबत. महोदय, सदर नाणेफेक अर्जदारांच्या संमतीविना व निःपक्ष पंच हजर नसताना झाली असून तिचा लाभ अर्जदार आजतागायत घेत आहेत. तरी ती रद्द करून समस्त पृथ्वीवासीयांच्या समक्ष नव्याने घेण्यात यावी, व निकाल लागेपर्यंत सर्वांना एकाच रांगेत उभे करण्यात यावे, ही नम्र विनंती.