क्षीरसागरात गुदमरलेले मासे

मंडळी, आज आधी मी विचारतो, मग तुम्ही माना डोलवा. चांगलं काम दुप्पट केलं, तर पुण्य दुप्पट होतं का? — लगेच 'हो'! अहो, थांबा ना जरा! तुमच्या याच घाईवर आजचं आख्यान आहे.

सांगलीचे हेरंबराव आठल्ये. त्यांचा धाकटा भाऊ निहार जहाजावर इंजिनियर. या निहारने घरात समुद्र आणलेला! हॉलमध्ये काचेची मोठी टाकी, खारं पाणी, नारिंगी माशांची एक जोडी आणि जिवंत प्रवाळ. बोटाच्या पेराएवढा तुकडा आणून त्याने वर्षानुवर्षं जपून वाढवलेला. बोटीवर निघताना तो वहिनीला म्हणाला, "वहिनी, दादाच्या हाती देऊ नका हं. त्याला दम नाही. तुम्ही बघाल ना?"

सुनेत्रावहिनी म्हणाल्या, "जिवापाड सांभाळीन." शब्द दिला, मंडळी!

आता टाकीचं शास्त्र ऐका. मासे खाणार, घाण करणार. ती घाण पाण्यात विरघळते, काचेवर शेवाळ धरतं आणि प्रवाळ त्रासतो. मग पाण्यात चांगले जंतू सोडायचे. ते ती घाण खातात. पण त्यांना जोडीला इंधन लागतं. म्हणून रोज थेंब थेंब व्हिनेगर! काही लोक तर व्होडका घालतात — कोण हसलं? मासे नाही पीत, जंतू पितात! जंतू पोसतात, वाढतात, आणि एक यंत्र त्यांना फेसाबरोबर वर ओढून वाटीत काढतं. ती वाटी ओतून टाकायची. आत थेंबभर, बाहेर वाटीभर. एवढंच! यात अवघड काय आहे?

पण हेरंबरावांना एवढंच कसं पुरेल? सत्यनारायणाची पूजा ठरली. टाकीच्या काचेवर हिरवट शेवाळ. "पाहुणे येणार! टाकी कशी लखलखली पाहिजे!" सुनेत्रावहिनी स्वयंपाकघरात, शिऱ्याचा रवा भाजताहेत. यांनी घातलं झाकण-झाकण व्हिनेगर! वर जंतूंची अख्खी बाटली! आदल्या दिवशी एकदा, पूजेच्या सकाळी पुन्हा! का? तर चांगलंच आहे ना ते!

तेवढ्यात सासूबाई. "हेरंबा, त्या वाटीला काय घाण वास येतोय! सोवळ्याच्या दिवशी घरात हे? बंद कर ते यंत्र!" आणि यांनी केलं बंद! अहो, घाण बाहेर काढणारं तेच होतं! पाण्यात हवा खेळवणारंही तेच!

गुरुजी आले, नवराबायको पाटावर बसली, कथा सुरू झाली. वहिनींनी नवऱ्याच्या हाताला हात लावलाय, पण नजर गेली टाकीकडे. पाणी पांढरं! अगदी ताकासारखं! शेजारच्या कुमुदताई हात जोडून म्हणतात, "अहो, हा तर साक्षात क्षीरसागर!" हेरंबरावांची छाती फुगली. तेवढ्यात दोन्ही मासे वर आले, तोंडं उघडून. "बघा, बघा! मुके जीव कथा ऐकायला आले!" आणि सगळ्यांनी, मंडळी, सगळ्यांनी त्या माशांना नमस्कार केला!

वहिनींनी मात्र ओळखलं. ते ऐकत नव्हते हो! श्वास घ्यायला धडपडत होते! जंतू इतके माजले की पाण्यातली हवाच खाऊन बसले.

"अहो, यंत्र चालू आहे ना?"

"कथा चाललीय. गप्प बस."

वहिनी उठल्या. भर कथेत! सासूबाई ओरडल्या, "अगं, मधेच उठायचं नसतं! कोप होईल!"

"झालाय तो, आई! तो बघा, काचेआड!"

यंत्र लावलं. चांदीचं तांब्याभांडं उचललं आणि टाकीतलं पाणी भरून उंचावरून टाकीतच ओतत राहिल्या. हात भरून आले, तरी थांबल्या नाहीत. एक मासा सावरला. दुसरा उलटा होऊन तरंगला. प्रवाळ अर्धा पांढराफटक पडला. वहिनी पैठणीतच खाली बसल्या आणि रडल्या. आणि बाकीचे? नमस्कार करून बसलेले सगळे!

निहारचा फोन आला. वहिनींनी शब्द पाळता आला नाही एवढं सांगितलं आणि फोन नवऱ्याच्या हातात दिला. हेरंबराव म्हणाले, "अरे, मी चांगल्यासाठीच केलं रे."

निहार म्हणाला, "दादा, तू नेहमी चांगल्यासाठीच करतोस. एकदा वहिनीला विचारून कर."

आता तुम्ही त्या हेरंबावर चिडलात. चिडा! पण तुमचं काय? किती वर्षं तुम्ही इथं येता, ऐकता, टाळ्या वाजवता. पारायणं करता, जप करता, उपास करता. आत घालताय, घालताय! बाहेर काय काढलंत? जावेशी धरलेला अबोला निघाला? भावाचा हेवा निघाला? 'मी एवढं करतो' हा फुगारा तरी निघाला? त्याला वास येतो हो! म्हणून यंत्रच बंद करून बसलात, आणि वर सगळं कसं पांढरंशुभ्र! घरातलं माणूस तोंड उघडून तडफडतंय आणि तुम्हाला वाटतं, ते तुमचं ऐकतंय!

बघा, बघा! मी बोलतोय आणि प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघतोय! अहो, त्याच्याकडे काय बघताय? घरी जा. जे माणूस तुमच्यापुढे गप्प असतं ना, त्याला आज विचारा — "तुला श्वास घेता येतो ना?" आणि उत्तर येईपर्यंत तोंड मिटून उभे राहा. तेच आजचं भजन. पांडुरंग हरी!