रस्ता नसलेली जमीन

चहा निवला तर निवू दे बे, आधी ऐक. चौसाळ्याजवळची, आमच्या रानाला लागून असलेली सरकारी जमीन मातीमोल भावानं विकली. कावून? तर मूल्यांकनात लिवलं, 'जमिनीला रस्ता नाही.' त्यानं आमच्याबी रानाचा भाव पडला, म्हणून आमी शेजाऱ्यांनी अर्ज केला आन् आमदारांची समिती पाहणीला आली. सात गाड्या, डांबरी रस्त्यानं, थेट बांधाला लागल्या!

मी म्हणलो, "साहेब, रस्ता न्हाई, तर गाड्या कशावरून आल्या?"

मूल्यांकन करणारा साहेब जराबी गडबडला न्हाई. "अहवालात खुलासा करतो," म्हणला.

काल अहवाल हातात आला. त्यात खुलासा हाय: 'रस्त्याअभावी समितीने पायी जाऊन पाहणी केली.'

खाली सगळ्या आमदारांच्या सह्या!