टँकरवर आलेलं बालंट

मी मूळचा लोह्याकडचा, बाप जत्रेत सोंगं करायचा, कधी राजा कधी राक्षस, त्यामुळं नाटक माझ्या अंगातच हाय. पण पोटासाठी लातूरला एका दवाखान्यात शिपाई म्हणून चिकटलो. जिल्हा नवानवा झालता, कचेऱ्यांच्या पाट्या रंगवून राहिले होते, अन् दुष्काळ असा की टँकर तिसऱ्या दिवशी यायचा.

काय सांगू तुम्हाला, तवा काचेची सिरिंज, तीच सुई दहा जणांना, मधी उकळायची. डॉक्टरसाहेब म्हणायचे, निवृत्ती, घड्याळ लावून वीस मिनिटं उकळ. हाव साहेब. पण घागर तळाला गेलेली, रांग दारात खोळंबलेली. मग मी बोटभर पाणी टाकायचो, वाफ निघाली की झाकण झोकात उचलायचो, चिमट्यात सुई धरून उजेडात फिरवायचो अन् सिस्टरच्या हातात द्यायचो. म्हाताऱ्या म्हणायच्या, लई स्वच्छ पोरगं हाय.

दोन-तीन महिन्यांनी एकेकाचे डोळे पिवळे व्हायला लागले. दवाखान्याच्या आळीत सगळे म्हणाले, टँकरच्या पाण्यानंच कावीळ. मीबी मान हलवली. नुसती हलवली न्हाई, पाणी हुंगून तोंड वाकडं करून दाखवलं, लोक हसले. टँकरवाला मजीदभाई माझा बिडीचा सोबती. त्याला लोकांनी आळीत येऊ दिलं न्हाई, ठेकेदारानं काढून टाकलं.

मग साहेबांनी केसपेपर पसरले. म्हणले, पाणी सगळी आळी प्याली, पिवळे झाले ते फकस्त सुई घेतलेले. हा रक्तातून जाणारा विषाणू हाय. किती मिनिटं उकळतोस? मी म्हणलो, वीस. दुसऱ्या दिवसापासून साहेब घड्याळ घेऊन स्वतः स्टोव्हपाशी बसले, पण ही गोष्ट दवाखान्याबाहेर गेली न्हाई. सुई घेतलेली आळीतली भाजीवाली धोंडाबाई त्या काविळीतच गेली.

पुढं मजीदभाई उदगीरला चहाच्या टपरीवर भेटला, त्याला सगळं सांगितलं. चहा तसाच ठेवून म्हणला, मेरे को कायको बोलता, वो आळी में जाके बोल. मी गेलो न्हाई. आज जातो, उद्या जातो करत वर्षं गेली.

आता दवाखान्यातल्या नव्या सिस्टर पोरींना सांगतो, एक माणूस, एक सुई, वापरली की मोडायची. त्या म्हणतात, काका लई कडक. मी शंभर गोष्टी सांगून लोकांना हसवतो, ही एक तोंडातून निघत न्हाई. आज तुम्हाला सांगितली, तुम्ही लिहा. त्या आळीत अजून माणसं हायत, वाचतील. माझं नाव घाला, अन् मजीदभाईचं पाणी चांगलं होतं, एवढं मोठ्या अक्षरात घाला.