बारा वाजेपर्यंतचं मौन

हॅलो?… कोण, ताई?… अगं, तू कशाला फोन केलास? बारा वाजून गेले की मीच करते म्हणाले होते ना!

नाही गं, रागवत नाहीये. उलट बरं वाटलं आवाज ऐकून. सकाळपासून जीव टांगणीला लागलाय नुसता… हो, मोबाईलवर बोलायला हरकत नाही. टेबलावरचा पांढरा फोन तेवढा मोकळा राहिला पाहिजे. मी त्याच्याकडे बघतेय, तो माझ्याकडे बघतोय.

नाही, अजून एकदाही वाजला नाही… अगं, नाही वाजला तर चांगलंच आहे! किती वेळा सांगू?… चिमे चिमे करू नकोस, पन्नाशी आली माझी, आणि इथे ऑफिसात बसलेय मी… बरं, भाऊजी आहेत का शेजारी? स्पीकरवर टाक म्हणजे दोनदा सांगायला नको… टाकलास? भाऊजी, नमस्कार! पाय कसा आहे?… कुठला म्हणजे? उरलेला! तुमच्याशी बोलायची सोय नाही बाई.

हो, हो… अगं ऐक ना. रुग्णवाहिकांवर लावायच्या नव्या खुणेचा मसुदा काल सगळ्या देशांना वाटला. आता मतदान नाही, हात वर करणं नाही. ज्याला 'नाही' म्हणायचंय त्यानं आज दुपारी बाराच्या आत या फोनवर म्हणायचं. फोन आला नाही, की सगळ्यांचं 'हो' धरायचं. आणि तो फोन घ्यायला मी… अगं, मोठ्या लोकांना 'हो' म्हणायचं जिवावर येतं, म्हणून ही सोय. 'हो' म्हटलं की घरी जाऊन उत्तरं द्यावी लागतात. गप्प बसलं की कोण विचारतंय?

अकरा सत्तेचाळीस… तुझ्या घड्याळात काहीही असू दे. इथलं भिंतीवरचं धरायचं, असं लेखी ठरलंय. त्यावरसुद्धा दीड दिवस भांडले हे लोक!

बाकी सगळ्यांनी हरकत नसल्याचं कालच कानावर घातलंय. राहिलेत फक्त खाकरेसाहेब… आडनाव नाही गं ते! आम्ही ऑफिसातल्यांनी ठेवलेलं नाव. 'नाही' म्हणायच्या आधी खाकरतात. चार वर्षं बघतेय मी. हॉलमध्ये नुसतं 'अं-हं' ऐकू आलं, की तो चित्रकार बिचारा आपले कागद गुंडाळायला लागायचा. त्यानं पान काढलं, तर म्हणे कोणाच्या तरी झेंड्यावर आहे. पक्षी काढला, तर म्हणे तो उडतोय कुठल्या बाजूला? हात काढला, तर कोणाचा हात?… हसा, भाऊजी, हसा. मी ते सगळं टाईप केलंय, एकेचाळीस वेळा!

आणि शेवटी काय उरलं, तर पांढऱ्यावर एक जाड लाल चौकट. आत मोकळी. आम्ही तिला खिडकी म्हणतो. खाकरेसाहेबांनी विचारलं, याचा अर्थ काय? चित्रकार इतका वैतागला होता, म्हणाला, साहेब, काहीच नाही. आणि ताई, हॉल चिडीचूप! काहीच अर्थ नाही, म्हणून तर ती कुणाला खुपली नाही. त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं मला. उठून चहा नेऊन दिला, दुसरं काय करणार.

तुझी गाडी तयार आहे?… दोन्ही दारांवर खिडकी काढलीस? आणि टपावर?… बरं झालं ताडपत्री घातलीस. बारापर्यंत दिसता कामा नये ती. रंग वाळलाय ना?… आणि आत कोण कोण?

…काय सांगतेस! कधीपासून?… पहाटेपासून कळा? आणि बाळ आडवं?… ताई, मग तुझ्याच्यानं तिथे नाही होणार ते… हो, कापावंच लागणार. म्हणजे पुलापलीकडचा दवाखाना… किती वेळ काढेल ती?… नक्की नाही सांगता येत. बरं, बरं. तिचा हात धरून बस तू. तिला म्हणावं, तेरा मिनिटं. फक्त तेरा मिनिटं.

लढणाऱ्या दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांनी लिहून दिलंय, ताई. मसुदा पास झाल्याचा संदेश पुलाच्या दोन्ही टोकांना गेला, की खिडकीची गाडी अडवणार नाहीत. त्या मिनिटापासून. अगोदर एक मिनिट नाही.

भाऊजी, एक सांगायचं होतं. रागावू नका हं. मागच्या महिन्यात मी तुमची गोष्ट एकाला सांगितली… त्यांनाच. खाकरेसाहेबांना. घसा बसला होता त्यांचा, मी गरम पाणी घेऊन गेले, तर म्हणाले, बाई, तुम्हाला या खुणेची एवढी काय आस्था? मग आलंच सगळं तोंडाला. म्हटलं, आमच्या भाऊजींच्या गाडीत दोन खुणांच्या दोन पाट्या असायच्या. अलीकडच्यांना चालते ती एक, पलीकडच्यांना चालते ती दुसरी. पुलाच्या मध्यावर थांबायचं, एक उतरवायची, दुसरी चढवायची. एकदा मागच्या पेशंटचा श्वास अडकला, त्याच्यापाशी धावले, आणि पाटी बदलायची राहून गेली. तेवढंच चुकलं, आणि पलीकडून गोळी आली, पाय गेला… ते होय? पाणी प्यायले. आणि दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये परत खाकरलेच! मला इतका संताप आला, म्हटलं याला उद्यापासून पाणी नाही. नेलं ते नेलंच म्हणा.

अकरा एकावन्न.

काय म्हणता, भाऊजी?… फोन चालू आहे का म्हणजे? चालूच असणार. सकाळी आल्या आल्या बघितला होता. मग साडेदहाला पुसून काढला, आणि तेव्हापासून…

…अगं आई गं.

ताई… रिसीव्हर नीट बसलेला नाही. खाली फाईलचा कोपरा आलाय. मीच पुसून ठेवला, माझ्याच हातानं… म्हणजे साडेदहापासून हा फोन बंदच आहे. कोणी केला असला तरी एंगेज लागला असेल.

नको, ताई, असं बोलू नकोस… अगं, मला का कळत नाही? आठ मिनिटं गप्प बसायचं, बारा वाजू द्यायचे, कोणाला पत्ता लागणार नाही. हेच ना? माझ्याही मनात आलं ते. तुझ्या आधी आलं… आमच्या मुख्य बाईंना सांगितलं तर मुदत वाढवावी लागेल. एक दिवस. पुरा एक दिवस, ताई, आणि तिकडे ती पोरगी…

ओरडू नकोस ना गं! तू शिकवलंस म्हणून मी या खुर्चीवर बसलेय. स्वतःची नर्सिंगची परीक्षा पुढे ढकललीस माझ्या फीसाठी, विसरले नाहीये मी. तू म्हणशील तर… तू म्हणशील तर मी हात लावत नाही फोनला.

…काय?… भाऊजी काय म्हणतायत? त्यांना दे. ताई, त्यांना बोलू दे!

हं, बोला, भाऊजी… हो… हो… खरं आहे. खोटं करून आणलेली खूण एक दिवस उघडी पडणार, आणि पडेल तेव्हा गाडी पुलावर असेल. आणि आत ताई… कळतंय, भाऊजी. तुम्हीच हे बोलू शकता. मला कोणी दुसऱ्यानं सांगितलं असतं तर ऐकलं नसतं मी.

ठेवते. नीट ठेवते. फाईल काढली… ठेवला. आता मीच खाकरेसाहेबांच्या खोलीवर फोन लावून सांग…

वाजला! ताई, वाजला! ठेवू नका, दोघंही गप्प राहा, मोबाईल इथेच टेबलावर ठेवतेय…

हॅलो, सचिवालय… नमस्कार, साहेब… हो, मीच… अर्ध्या तासापासून लावताय?

साहेब, चूक माझी आहे. रिसीव्हर मीच नीट ठेवला नव्हता. तुमचा वेळ वाया गेला. तुम्ही म्हणालात तर लगेच बाईंना सांगते, मुदत एक दिवस वाढवून मिळेल. तुमचा हक्कच आहे तो.

…नको?

बरं. हरकतीचा फॉर्म काढलाय समोर. सांगा, साहेब, लिहून घेते.

…साहेब?… आहात ना?

अकरा चोपन्न… हो, इथल्या घड्याळात… काय हुकूम आलाय तुम्हाला?… 'बाराच्या आत सचिवालयाला फोन करावा.' बरं… हो, केलात की. नोंद करते, अकरा चोपन्न, साहेबांचा फोन आला… पुढे काय लिहू?

…काहीच नाही?

म्हणजे… फोन करा म्हणालेत, काय बोला ते नाही म्हणाले?… हं… ते गृहीत धरलं असेल त्यांनी. आणि तुम्ही… नाही, नाही, मी काही विचारत नाही. थांबते. तुम्ही थांबा, मीही थांबते.

अकरा छप्पन्न.

इथे? ढग आलेत थोडे. तुमच्या खिडकीतून दिसत असतील… बहीण? बरी आहे, साहेब. गाडीत बसलीय. आत एक पहिलटकरीण आहे… बाळ आडवं आहे… हो, आत्ता. पुलाजवळ… चार मिनिटं काढेल, साहेब. माझी ताई आहे तिच्याजवळ.

…

साहेब, खाकरू नका! हात जोडते तुम्हाला!… खरंच खोकला आलाय?… अहो, मग खोका, मोकळेपणी खोका! पाणी आहे ना जवळ? सावकाश प्या… हं… झालं?

अकरा अठ्ठावन्न.

…हो, आहे मी.

…

…एकोणसाठ.

तुम्हाला ओरडतील ना हो, साहेब, तिकडून?… निवृत्त व्हायला आलात म्हणजे ओरडा लागत नाही, असं थोडंच आहे?… बरं. नाही बोलत.

…

…

बारा.

साहेब, बारा वाजले… हो, काटा पुढे गेला… मी काय बोलू? कसे मानू तुमचे उपका… बरं, नाही मानत. रागावू नका. लिहिते: फोन आला, फोनच्या बिघाडाची चूक कळवली, मुदतवाढ नको म्हणाले, हरकत आली नाही. असंच ना?… सही करते खाली. साहेब, उद्या गरम पाणी मीच घेऊन येईन… हो, ठेवा.

बाई! बाई! बारा! हरकत नाही! पुलाला संदेश सोडा, दोन्ही टोकांना! फोन वाकडा होता ते सांगते मागाहून, सगळं लिहिलंय, त्यांना माहितीये, आधी संदेश सोडा हो!

ताई! ऐकलंस?… अगं रडतेस काय, गाडी सुरू कर! नाही, थांब, थांब, पोच येऊ दे… अलीकडच्या टोकाची आली. पलीकडची… बाई, पलीकडची?… आली! ताई, आली! काढ ती ताडपत्री! फोन भाऊजींकडे दे आणि नीघ!

…भाऊजी? निघाली?… गाडीतून उतरून उभे आहात? आधार घ्या हो कशाचा तरी. मला सांगा काय दिसतंय… अलीकडच्या चौकीवर थांबवलं?… बघतोय तो दाराकडे. मग?… बांबू वर केला! सोडली! भाऊजी, सोडली!

तुमच्यामुळे झालं हे. नाही, ऐकून घ्या, आज मला बोलू द्या. मी गप्प बसणार होते. ताईची शप्पथ, बसणारच होते. तुमच्या पायाची किंमत देऊन तुम्ही मला खरं वागायला लावलंत, आणि त्या माणसानं… तो माणूस 'नाही' म्हणायला बसला होता, भाऊजी, आणि सहा मिनिटं फोन धरून बसला. कोणाकोणाचे आभार मानू मी? डोकं चालत नाही माझं.

कुठे पोचली?… मध्यावर? तुमच्या त्या जागेवर?… तिथे काय? थांबली का?… भाऊजी, बोला ना. थांबली का तिथे?

…नाही थांबली.

थांबलीच नाही?… तशीच पुढे?… पलीकडचे अडवत नाहीत?… हात दाखवतायत? पुढे जा म्हणून?… दवाखान्याच्या फाटकात शिरली!

भाऊजी?… भाऊजी, रडताय होय? रडा हो. इतकी वर्षं कुठे रडलात तुम्ही. मी आहे इथे, घाई नाही मला कसली.

फक्त परत एकदा सांगा ना ते. मध्यावर काय झालं ते… हं… न थांबता…

हॅलो?… भाऊजी?… रेंज गेली वाटतं, आवाज तुटतोय तुमचा… हॅलो?… हॅलो?