लॉनवर उमटलेलं गाव

माझं माहेर कराडकडचं. लग्न झालं नि ह्यांच्या मागं विलायतेत स्लाऊला आले, हे गोडावनात व्हते, पण मातीतला माणूस, तितं काय जीव रमंना, मग ह्या खेड्यात मॅनरवर माळी म्हणून लागले. मॅनर म्हंजे आपल्याकडं इनामदाराचं घर असतंय न्हवं, तसं. फाटकाजवळचं हे लॉज, म्हंजे राखणदाराचं बारकं घर, कामाबरोबर ऱ्हायला मिळालं. हे गेले तरी मॅनरच्या मालकीण बाईसाहेब म्हणाल्या, सुशीला, मी हाय तवर तू हितंच ऱ्हायचं. आता ईस्टरला त्याच गेल्या. तवापास्नं हे घर ऱ्हातंय का जातंय, काय ठावं न्हाई बघा.

काय सांगू तुमाला ताई, भुताखेताचं मला भ्या न्हाई, मॅनरपुढच्या त्या लॉनचं भ्या वाटतंय. उन्हाळा कडक पडला की गवत वाळतंय नि तितं पिवळ्या रेघा उमटत्यात, खोल्यांच्या, उंबऱ्यांच्या. पयल्यांदा दिसल्या तवा हे म्हणाले, घरं हायत ती, खाली दगडी पाया हाय म्हणून वरचं गवत आधी वाळतंय. पूर्वी सगळं गाव तितंच व्हतं, चर्चच्या भवती. कुण्या एका मालकाला खिडकीतनं गरिबाची धुराडी बघवली न्हाईत, त्यानं गाव मोडलं नि रस्त्याच्या पल्याड नेऊन बसवलं. चर्च तेवढं एकटं ऱ्हायलं, देवाला कोण उठवणार.

तर औंदा बाईसाहेबांचा पुतण्या आला, संगं मोजणीवाला. हॉटेल करायचंय म्हणे. माझ्याच भिंतीवर हात ठेवून मोजणीवाला म्हणतोय, हे पाडलं की गाड्या सरळ आत येतील, आणि मी आत गॅसपाशी उभी, हातातली पळी खाली पडली. त्याच आठवड्यात लॉनवर रेघा उमटल्या. वाटलं, ही उठवलेली माणसं उपाशी हायत, आता आपला नंबर. आमच्याकडं अशा वेळी दहीभात ठेवत्यात. ठेवला मीबी, केळीचं पान हितं कुठलं, कागदाच्या बशीत, एकेका उंबऱ्यावर.

पुतण्यानं बघितलं की. लालबुंद झाला. हे कुणी ठेवलं, उंदरं गोळा करायचीत काय, ज्यानं ठेवलं त्यानं आजच घर खाली करायचं. मी फाटकाच्या आड सरकले. चर्चला फुलं घेऊन निघालेली मार्गारेट, माझी शेजारीण, थांबली नि म्हणाली, मी ठेवलंय, माझ्या पणज्याचे लोक ह्याच कोपऱ्यातनं उठवले व्हते. ताई, तिचं घरबी मॅनरच्याच मालकीचं हाय हो! तरी ती फुलं धरून तितंच हुभी. पुतण्या नुसता म्हणाला, बघू पुढं, नि गाडीत बसला.

ते पुढं अजून आलं न्हाई. पाऊस पडला, रेघा गेल्या, लॉन हिरवंगार. पण फाटकाशी गाडी थांबली की मी अजून पडद्याआड हुभी ऱ्हाते. मार्गारेटचं देव भलं करो, तिला मी दहीभात शिकवलाय. म्हटलं, लॉज पाडलं तरी पाया ऱ्हाईल, एखाद्या उन्हाळ्यात माझ्या सैपाकघराची रेघ उमटंल, तवा घासभर ठेव. दही मात्र आंबट घेऊ नगंस बाई.